कमूनचं वजन

महदिया, ९ जानेवारी १९९५

लाडक्या दुर्साफ,

मावशीचे खूप आशीर्वाद. तिकडे केफच्या डोंगरात बर्फ पडलं म्हणे. रेडिओवर ऐकलं आणि आधी तुझे कान डोळ्यांसमोर आले. पाळण्यात होतीस तेव्हापासून तुझे कान गारच. टोपी घालतेस ना? म्हणशील, मावशीने एवढं पत्र घातलं ते माझ्या कानांसाठी का? नाही गं. पत्र कमूनसाठी आहे.

तुझ्या आईचा चाळिसावा झाला आणि मी त्याला टोपलीत घालून घरी आणलं, तेव्हा तो केवढा होता ते तू पाहिलंयस. दारातून आधी पोट आत यायचं, मग बोका. काल त्याच्या पाठीवरून हात फिरवला तर एकेक मणका बोटाला लागला, तसबीहचे मणी ओढावेत तसा. पुढ्यात मासा ठेवला की येतो, हुंगतो, एकदा चाटतो आणि माझ्याकडे अशा नजरेने बघतो की जणू मीच त्याचं काही चोरलंय. मग जाऊन माझ्या भरतकामाच्या चौकटीखाली बसतो. बाजारपेठेतल्या एका नवरीचा जरीचा पोशाख भरायला घेतलाय, त्यावर त्याचे केस. नवरीची आई म्हणाली, "लल्ला शेदलिया, हे सोनं जिऱ्याच्या रंगाचं कसं?" आता काय सांगू, हे सोनं नव्हे, जिऱ्यावरून नाव पडलेला आमचा कमून आहे!

चेष्टा राहू दे. सतरा वर्षांचा जीव आहे. माझी बहीण सुआद गेली आणि वर्षाच्या आत तिचा बोकाही गेला तर मी स्वतःला तोंड कसं दाखवू? तू मेंढ्यांची डॉक्टर आहेस, मांजरांची नाहीस, ठाऊक आहे मला. पण मेंढीलाही पोट असतं आणि मांजरालाही. काय घालू, किती घालू, लिही.

तुझी मावशी शेदलिया


केफ, १६ जानेवारी

मावशी,

टोपी घालते. शपथ.

सकाळपासून चारशे मेंढ्यांना सुया टोचून आत्ता कचेरीत टेकलेय आणि तुला लिहितेय. आमचे साहेब वाकून बघत म्हणाले, "कुठल्या शेतकऱ्याची तक्रार?" म्हटलं, महदियाच्या बोक्याची. ते हसले. मी हसले नाही, कारण आईचं म्हणावं असं माझ्याकडे त्याच्याशिवाय काही उरलेलं नाही.

आधी त्याचं तोंड उघडून बघ. हुंगतो, चाटतो आणि सोडतो म्हणजे भूक आहे, पण चावताना दुखतंय. एखादी दाढ काळी दिसली की बंदराजवळच्या दवाखान्यात ने, उगाच लवंग वगैरे लावत बसू नकोस. मग खाणं. थाळी भरून ठेवायची नाही. दिवसातून पाच वेळा, दोन-दोन घास. सार्डिन उकडायची, काटे काढायचे, बोटांनी कुस्करायची आणि उकडलेलं पाणी त्यातच कालवायचं. मधूनमधून कोंबडीची छाती तशीच. कोमट हवं, मनगटावर थेंब टाकून बघ, तान्ह्या बाळाच्या दुधाचं बघतो तसं. म्हाताऱ्या मांजराचं नाक मंद होतं, गार अन्नाचा वासच येत नाही त्याला. मीठ नको. हरीसाचं तिखट नको, तुझा हात मला माहीत आहे. कांदा आणि लसूण तर विष समज. दूधही नको, मागितलं तरी.

आणि फुगवूही नकोस. जुलैत मी आले होते तेव्हा तो सहा किलोंचा होता, आईला मी किती बोलले होते त्यावरून. त्याच्या अंगाला सव्वाचार किलो पुष्कळ. दर आठवड्याला वजन कर. औषधाच्या दुकानात नवा काटा आलाय ना, लाल आकड्यांचा? कमूनला कवेत घेऊन उभी राहा, आकडा लिही. मग एकटी उभी राहा, तोही लिही. पहिल्यातून दुसरा वजा. जमेल?

दुर्साफ


महदिया, २८ जानेवारी

माझ्या डॉक्टरीणबाई,

जमेल का म्हणे! तू दुसरीत असताना वजाबाकीसाठी माझ्याच ओसरीवर रडत होतीस.

डाव्या बाजूची दाढ कोळशासारखी काळी होती. डॉक्टरने उपटली. उपटली कमूनची आणि रक्त निघालं डॉक्टरचं. दोन दिवस रुसून बसला, तिसऱ्या दिवशी कुस्करलेली सार्डिन अशी खाल्ली की वाटीसकट गिळतोय की काय असं वाटलं. आता पाचाच्या ठिकाणी सहा वेळा मागतो.

काट्याची गंमत ऐक. मी अंगभर सफसारीची चादर गुंडाळलेली, आत कमून. औषधवाला सी मोंधर आपल्या फळीमागून म्हणतो, "लल्ला, आत काय आहे?" म्हटलं, नातू. तेवढ्यात नातवाने डोकं बाहेर काढून म्याँव केलं. रांगेतल्या बायका हसून हसून बेजार. दोघांचे मिळून चौसष्ट किलो पाचशे, माझे एकटीचे एकसष्ट दोनशे. म्हणजे कमून तीन किलो तीनशे. बरोबर? माझं वजन लग्नापासून हललेलं नाही बघ. तुझे काका म्हणायचे, शेदलिया म्हणजे धक्क्यावरचा खांब, भरती येवो नाहीतर ओहोटी.

मीही आता त्याच्याच पातेल्यातलं घेते. एकटीसाठी दुसरी चूल कशाला पेटवू? दोघं म्हातारे, दोघांना मऊ.

रमज़ान तोंडावर आलाय. अल्ला तुझे उपवास कबूल करो.

शेदलिया


केफ, ६ फेब्रुवारी

मावशी,

वजाबाकी बरोबर. तीन-तीनशे कमी आहे, पण सुरुवात चांगली. आठवड्याला शंभर-दीडशे ग्रॅम वाढला तरी मी खूष.

त्याच्या पातेल्यातलं जेवतेस हे वाचून आमच्या कचेरीतल्या बायका हसून लोळल्या. पण तुझ्या वाटणीत मीठ घाल, बाई! आणि रमज़ानात तो सहा वेळा जेवणार, तू उपाशी. त्याला थोडी लाज वाटू दे.

इथे कोकरं जन्मायचे दिवस. झोपही मेंढ्यांच्या हिशेबाने. पत्राला उशीर झाला तर रागावू नकोस, पण वजनं पाठव.

दुर्साफ


महदिया, १२ मार्च

लाडक्या दुर्साफ,

ईद मुबारक, उशिराने. रमज़ानात लिहायला बसायचे आणि हातच चालायचा नाही. आज लिहितेय, कारण आता मला भीती वाटायला लागलीये.

कमून खातो. मी खोटं लिहीत नाही. सहा वेळा खातो, रमज़ानात तर माझ्या वाटणीची कोंबडीसुद्धा त्यानेच खाल्ली, मला इफ्तारला भूक अशी नसायचीच. काल अंगणाच्या भिंतीवर एका उडीत चढला. हात लावला तर मणके सापडत नाहीत. आणि काटा म्हणतो तो घटतोय! पहिल्यांदा तीन-तीनशे. मग दोन-सातशे. मग दोन. मला वाटलं, माझंच काही चुकतंय, म्हणून एक आठवडा गेले नाही. परवा गेले. चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

एक किलो दोनशे.

असा आजार असतो का गं, की डोळ्यांना जाड दिसावं आणि वजन जावं? त्याला आतून काही पोखरतंय का?

तुझी मावशी


केफ, २० मार्च

मावशी,

एक किलो दोनशे म्हणजे तीन महिन्यांचं पिल्लू. एवढ्या वजनाचा मोठा बोका भिंतीवर चढत नाही, त्याला मान उचलता येत नाही. तुझं पत्र मी गोठ्यात उभ्या-उभ्या वाचलं.

म्हणून आता स्पष्ट विचारते आणि तू स्पष्ट सांग. तो खातोय हे तू पाहतेस की वाटी रिकामी दिसते म्हणून समजतेस? गल्लीतली मांजरं येऊन खात असतील. की तू नवरीच्या पोशाखात गुंतलीस आणि त्याला एकदाच टाकतेस? म्हाताऱ्या मांजराला खूप खाऊनही खंगायचा आजार होतो, गळ्यात गाठ येते, मूत्रपिंडं जातात, साखर होते. पाणी किती पितो? गळा चाचपून बघ. पण आजार असला तरी सहा आठवड्यांत दोन किलो? आणि तो जाड दिसतो म्हणतेस! मला बरं वाटावं म्हणून लिहितेस का?

आईच्या वेळी मला सगळे असंच म्हणत होते. छान आहे, जेवते, काळजी करू नकोस. ऑगस्टमध्ये मला कळलं आणि ऑक्टोबरात ती गेली. आता तिच्या बोक्याच्या बाबतीत तरी मला फसवू नकोस. सांभाळणं होत नसेल तर तसं लिही. मी येऊन घेऊन जाईन.

दुर्साफ


महदिया, १६ एप्रिल

दुर्साफ,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. रोज उत्तर लिहायला घेत होते आणि रोज कागद फाडत होते. माझ्या बहिणीच्या मुलीने मला लिहावं की मी मुक्या जनावराचा घास चोरते! आता राग गेलाय. थोडा आहे.

तर ऐक तुझ्या खंगलेल्या बोक्याची हकिगत. काल त्याला घेऊन सी मोंधरच्या काट्यावर उभी राहिले. आकडा आला अठ्ठावन्न चारशे. दोघांचा मिळून! माझे एकटीचेच एकसष्ट दोनशे, म्हणजे कमूनचं वजन शून्याच्याही खाली, दोन किलो आठशे! जिवंत बोका कवेत आणि मी हलकी झाले. शेजारच्या म्हातारीने सैतान पळवायला तिथल्या तिथे अऊज़ु बिल्ला म्हटलं. मी म्हटलं, हा बोका आहे की जिन्न?

तशीच तडक मासळी बाजारात गेले. झाकणाच्या टोपलीत कमूनला कोंबला आणि मासळीवाल्याला म्हटलं, तोल. तो म्हणतो, "लल्ला, हा मासा कुठल्या समुद्रातला?" टोपली वजा जाता चार किलो दोनशे. चार किलो दोनशे, दुर्साफ! मासळीवाल्याच्या साक्षीने. आता बोल.

परत जाऊन सी मोंधरला भर दुकानात झाडला. "तुझ्या खोट्या काट्यापायी माझी भाची माझ्यापासून तुटली," म्हटलं. तो बिचारा बाळाच्या दुधाचे डबे काट्यावर रचून दाखवत होता, काटा खरा आहे म्हणत होता. "लल्ला, तुम्ही जरा एकट्या उभ्या राहा," म्हणाला. मी कशाला उभी राहू? मी निघून आले.

विषय संपला. कमून ठणठणीत आहे. तू आपल्या मेंढ्या बघ.

शेदलिया


केफ, २१ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र वाचून आधी मी हसले. मोठ्याने. मग क्षमा मागायला कागद घेतला आणि तुझे आकडे पुन्हा लिहून काढले.

मासळीवाल्याचा काटा खरा आहे. सी मोंधरचा काटाही खरा आहे. अठ्ठावन्न चारशेतून चार-दोनशे वजा कर. कर ना! चोपन्न किलो राहतात. चोपन्न दोनशे. ती तू आहेस.

जानेवारीनंतर तू एकटी काट्यावर उभीच राहिली नाहीस ना? दर वेळी तेच जुनं एकसष्ट-दोनशे वजा करत गेलीस आणि आपण दोघी मिळून बोक्याला मरणाला टेकवत होतो. बोका महिन्याभरात सावरला, मावशी. घटत होतीस ती तू. अकरा आठवड्यांत सात किलो! आणि मी, जनावराच्या वजनावर पोट भरणारी बाई, तुला विचारत होते की बोका पाणी किती पितो!

मला मऊ अन्नाची पत्रं आठवतायत. इफ्तारला भूक नसायची, लिहिलंयस. काय होतंय तुला? कधीपासून? कुणाला ठाऊक आहे? सफसारीच्या आत कुणाला काय दिसणार!

हे पत्र पोचेपर्यंत मला दम निघणार नाही. सोमवारी अकरा वाजता सी मोंधरच्या दुकानात फोन करते आहे. तिथे ये. नाही आलीस तर त्यालाच तुझ्या दारात पाठवीन.

दुर्साफ


महदिया, २५ एप्रिल

लेकरा,

काल फोनवर तू रडत होतीस आणि मी "बरं, बरं" एवढंच म्हणत राहिले. फळीपलीकडे सात माणसं उभी होती. फोन ठेवल्यावर सी मोंधरने दुकानाचं दार लोटलं आणि म्हणाला, "आता उभ्या राहा, लल्ला." उभी राहिले. त्रेपन्न आठशे. त्याने चष्मा काढून हातात धरला. गेल्या आठवड्यात मी ज्याला भर दुकानात झाडलं, त्याने मला बसायला खुर्ची दिली.

तू शनिवारी येतेस, मला ट्युनिसला नेणार म्हणतेस. ये. ईदच्या तोंडावर मेंढ्यांचा बाजार सोडून येऊ नकोस, असं म्हणणार होते, पण नाही म्हणत. मात्र येण्याआधी हे वाच. समोर बसून मला सांगता येणार नाही.

डिसेंबरपासून माझा घास अडतो. भट्टीची भाकरी छातीच्या मध्यावर येऊन थांबते, वर ना खाली. पाणी प्यावं तर तेही वर साचतं. कमूनसाठी कुस्करलेलं तेवढं हळूहळू उतरायचं, म्हणून मी त्याच्या पातेल्यातलं खात होते. पुढे पुढे तेही जाईना, मग माझी वाटी त्याला. एकदाच काट्यावर एकटी उभी राहिले, त्या पहिल्या दिवशी. नंतर नाही. कळत होतं का मला? अर्धं कळत होतं. तुला बोक्याचे आकडे लिहिताना माझी बोटं थांबायची. एकीकडे वाटायचं हिला कळू नये, आणि एकीकडे वाटायचं ही हुशार आहे, हिला कळेल.

आता दुसरं. हे त्याहून कठीण आहे.

तुझ्या आईचंही असंच सुरू झालं होतं, दुर्साफ. ऑगस्टमध्ये नाही. फेब्रुवारीत. तिला मी सूसच्या डॉक्टरकडे नेलं होतं, तू ट्युनिसला परीक्षेत होतीस. डॉक्टरने पोटात गाठ सांगितली, पसरलेली. घरी येताना भाड्याच्या गाडीत मागच्या बाकावर तिने माझा हात धरला आणि माझ्याकडून शपथ घेतली. "दुर्साफला कळलं तर ती परीक्षा सोडेल, नोकरीवर पाणी सोडेल, इथे येऊन माझं मरण बघत बसेल. तिला एप्रिलमध्ये नेमणूक मिळू दे." मी शपथ घेतली. एप्रिलमध्ये तुला केफ मिळालं. मला वाटलं, आता सांगेल. तिने नाही सांगितलं. मी विचारलं की म्हणायची, "पुढच्या महिन्यात."

तू जुलैत आलीस तेव्हा ती तुझ्यासमोर जेवली नव्हती. मेजाखाली कमून बसलेला असायचा. ती घास तोंडापर्यंत न्यायची आणि खाली सोडायची. सहा किलोंचा झाला तो असा. सहा महिने तिचं जेवण त्याच्या अंगावर चढत होतं. ती गेली, दुसरं ताट बंद झालं, त्यात दाढ दुखायला लागली, म्हणून तो वाळला.

मला ठाऊक होतं आणि मी बोलले नाही. माझ्या छातीत पहिला घास अडला तेव्हा मला वाटलं, ही त्याचीच शिक्षा आहे, आता हिशेब मिटेल. म्हणून मीही गप्प बसले. आता तू ये किंवा नको येऊस.

शेदलिया


महदिया, २४ मे

लाडक्या दुर्साफ,

घरी पोचल्याला दोन आठवडे झाले. सी मोंधरने कमूनला अकरा दिवस दुकानात ठेवलं होतं, फळीवर, खोकल्याच्या औषधांच्या मधोमध. तो म्हणतो गिऱ्हाइकं वाढली.

मी भाकरी खाते आहे. हे लिहितानाही खाते आहे, कागदावर तेलाचा डाग आहे तो त्याचा. दवाखान्यातली ती डॉक्टरबाई अजून डोळ्यांसमोरून जात नाही. केवढीशी पोर, पांढऱ्या कोटात हरवलेली. माझ्या छातीचे फोटो उजेडाला धरून म्हणाली, "गाठ नाही." मी भिंतीकडे बघत होते, मला वाटलं शेजारच्या खाटेवरच्या बाईला सांगतेय. तू मटकन जमिनीवर बसलीस तेव्हा कळलं की मला सांगतेय. गाठ नाही! अन्ननळीच्या खालच्या टोकाचा स्नायू उघडायचा विसरला होता, एवढंच. पाच महिने मी मरणाची तयारी केली, जरीची उरलेली रिळंसुद्धा वाटून टाकली, आणि निघाला काय, तर एक गंजलेला दरवाजा. त्यांनी घशातून फुगा घालून तो ताणला. दुखलं, खूप दुखलं. दुसऱ्या दिवशी त्या पोरीने पावाचा तुकडा हातात दिला. मी चावला, गिळला आणि वाट बघत राहिले कुठे अडतो म्हणून. अडला नाही. सरळ खाली गेला. मला एवढं दचकायला झालं की मी ओरडले आणि परिचारिका धावत आली. पुन्हा कधी आवळलं तर पुन्हा ताणावं लागेल म्हणाली, लागू दे.

पण तुला एक सांगते. अकरा दिवस तू माझ्या उशाशी होतीस. माझे केस विंचरलेस, माझी ओकारी धरलीस. आईबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. गाडीत बसवून देताना गालाचं चुंबन घेतलंस ते परक्या बाईचं घ्यावं तसं. मी शपथ का घेतली ते विचार, मला मार, ओरड. पण काहीतरी बोल.

तुझी मावशी


केफ, ५ जून

मावशी,

बोलते.

ट्युनिसात बोलले नाही, कारण तुझ्या अंगावर ओरडा झेलण्याएवढं मांस नव्हतं. मी चिडले होते. अजून आहे. तुझं ते पत्र मला कचेरीच्या पायऱ्यांवर मिळालं आणि वाचून झाल्यावर मी तिथेच बसून राहिले, साहेब दोनदा विचारून गेले. मला एकच चित्र दिसत होतं. जुलै, आपलं स्वयंपाकघर, आणि मी गुडघ्यांवर बसून बोक्याचं पोट दाबून बघतेय. "आई, किती फुगवलास गं याला!" ती वरून म्हणाली, "म्हातारा आहे, खाऊ दे." मी बोक्याचं पोट बघितलं, मावशी. मान वर करून तिच्याकडे बघितलं नाही.

तेव्हा सगळा राग तुझ्यावर कसा टाकू? आईने तुझं तोंड शपथेने बांधलं, पण माझे डोळे कुणी बांधले नव्हते. तरी तुला ते सहा महिने मिळाले आणि मला दोन मिळाले, हे मी विसरू शकत नाही. नोकरी सोडायची की नाही ते मी ठरवलं असतं. ती संधी तुम्ही दोघींनी माझ्या हातून काढून घेतलीत, आणि वर माझं भलं केलं म्हणालात. पुन्हा असं माझं भलं करू नकोस.

मला ते सहा महिने हवे आहेत. फेब्रुवारी ते ऑगस्ट. ती काय म्हणाली, काय खाल्लं, कशाला हसली, कधी रडली, माझं नाव कसं घेतलं. सगळं. तुझी शपथ आता संपली, जिने घातली तीच राहिली नाही. लिहून पाठव किंवा मी येते तेव्हा सांग, पण सांग.

आणि रोजची भाकरी खा. वजन कळव. तुझं.

दुर्साफ


महदिया, १३ जून

दुर्साफ,

तुझं पत्र काल मिळालं. दोनदा वाचलं. बरोबर लिहिलंयस. मला माझी बाजू मांडायची नाही.

सगळं सांगेन. लिहून नाही, लिहिताना मी नीटनेटकं करीन आणि ते नीटनेटकं नव्हतं. तिने एकदा चिडून बशी फेकली होती. एकदा आम्ही दोघी सूसला डॉक्टरकडे म्हणून गेलो आणि न जाताच समुद्रावर बसून खारे दाणे खात राहिलो, तिला एकही गिळता येत नव्हता, ती नुसती सोलून माझ्या हातावर ठेवत होती आणि तुझ्या लहानपणच्या गोष्टी सांगून हसत होती. असं आहे सगळं. समोर बसूनच ऐक.

माझं वजन पंचावन्न नऊशे. एकटीने उभी राहिले, सी मोंधर साक्षीला आहे.

आता लवकर ये म्हणते, त्याला कारण आहे. गेला आठवडाभर कमून पाण्याच्या वाटीशीच बसतोय. बंदराजवळच्या डॉक्टरने बघितलं, मूत्रपिंडं थकली आहेत म्हणाला. थोडं थोडं खाऊ घाला, वजन धरून ठेवा, पण फार दिवसांची आशा धरू नका. तीन किलो नऊशे भरला.

आज सकाळी त्याने वाटीत अर्धं ठेवलं. मी कोमट करून पुन्हा पुढे केलं, बोटावर घेऊन तोंडाशी नेलं, त्याने मान फिरवली. वाटलं, उद्या खाईल, उद्यापर्यंत थांबू, पोरीला कशाला घाबरवा. कागद घेतला, ठेवला. मग पुन्हा घेतला.

आत्ता दहा वाजलेत. हे पत्र घेऊन मी टपालात निघाले आहे.

शेदलिया